मानसिक आजारांवरच्या ट्रायल्स: घरच्यांना आणि पेशंटना पडणारे नेहमीचे प्रश्न

आमच्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे, सोळा वर्षं झाली. काही वर्षांपूर्वी तो एका ट्रायलमध्ये, म्हणजे उपचार लोकांवर तपासून बघणाऱ्या अभ्यासात होता आणि तेव्हापासून सपोर्ट ग्रुपमधले लोक, त्यांचे नातेवाईक, कधी कधी नातेवाइकांचे शेजारीसुद्धा फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. औषधाबद्दलचा कुठलाही निर्णय तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, हे मी मनापासून सांगतेय.

ट्रायल म्हणजे काय, नवीन औषध आमच्या माणसावर करून बघणार का?

कधी कधी हो, पण दरवेळी नाही. औषधाच्या ट्रायलचे साधारण चार टप्पे असतात. पहिल्यात थोड्या लोकांना देऊन औषध सुरक्षित आहे का ते बघतात, दुसऱ्यात उपयोग होतो का आणि डोस किती लागतो, तिसऱ्यात भरपूर पेशंट घेऊन आधीच्या औषधाशी किंवा प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीशी तुलना आणि चौथा टप्पा औषध बाजारात आल्यावर. आपल्याला कोणी विचारलं तर ते बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्यासाठी असतं. शिवाय मानसिक आजारांत कितीतरी ट्रायल्स गोळ्यांच्या नसतातच. समुपदेशन कसं करायचं, योगाने फरक पडतो का, कार्यकर्त्याने घरी जाऊन मदत केली तर माणूस पुन्हा कामाला लागतो का, असले प्रश्नही ट्रायलनेच तपासतात.

आता एक गोष्ट, जी मला सुरुवातीला कोणी सांगितली नाही आणि त्यामुळे फार मनस्ताप झाला. ट्रायल ही तुमच्या माणसाला बरं करायला काढलेली नसते, एका प्रश्नाचं उत्तर शोधायला काढलेली असते. फायदा होऊ शकतो, नाही असं नाही. पण तुम्ही तिथे "शेवटचा उपाय" म्हणून गेलात तर आतून मोडून बाहेर याल. आम्ही तसेच गेलो होतो.

आपल्या भागात असलं काही खरंच झालंय का, की सगळं अमेरिकेतलं?

झालंय, आणि जगाने दखल घ्यावी असं झालंय. गोव्यात संगत नावाची संस्था आहे, १९९६ पासून. त्यांची मानस नावाची ट्रायल २०१० मध्ये लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. २४ दवाखाने, त्यातले निम्मे सरकारी आरोग्य केंद्रं आणि निम्मे खाजगी जीपी, म्हणजे साधे फॅमिली डॉक्टर, आणि डिप्रेशन-चिंता असलेले २७०० च्या वर पेशंट. ट्रेनिंग दिलेले स्थानिक समुपदेशक, जे डॉक्टरही नाहीत आणि सायकॉलॉजिस्टही नाहीत, त्यांनी मदत केली तर लोक बरे होतात का हा प्रश्न होता. सरकारी केंद्रांत चांगला फरक दिसला, खाजगी दवाखान्यांत दिसला नाही. हे "दिसला नाही"सुद्धा छापलं गेलं, आणि माझ्या मते चांगली ट्रायल ओळखायची खूण हीच, जे निघालं ते सांगायचं.

मग त्यांनीच गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत तीव्र डिप्रेशनवर हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम नावाची साधी थेरपी तपासली, सहा ते आठ भेटी, माणसाला हळूहळू परत रोजच्या कामात, लोकांत आणायचं. ४९५ पेशंट होते. तीन महिन्यांनी थेरपीवाल्या गटात ६४ टक्के लोकांचं डिप्रेशन उतरलं होतं आणि ज्यांना फक्त नेहमीचे उपचार जरा सुधारून दिले त्यांच्यात ३९ टक्के. म्हणजे आकडा फक्त ६४ वाचायचा नाही, ३९ पण वाचायचा, कारण थेरपी न मिळालेल्यांतले पण कितीतरी सुधारले. तुलनेचा गट कशाला लागतो ते इथे कळतं.

आणि स्किझोफ्रेनियाची एक ट्रायल सातारा, गोवा आणि तामिळनाडू अशा तीन ठिकाणी झाली, कोप्सी नावाची, २८२ पेशंट, २०१४ मध्ये छापली. ट्रेनिंग दिलेले कार्यकर्ते पेशंटच्या घरी जायचे, गोळ्या, आंघोळ-जेवण, काम, घरातली भांडणं सगळ्यात मदत करायचे. वर्षभरानंतर लक्षणं आणि रोजच्या जगण्यातली अडचण दोन्ही थोडी कमी झाली. थोडीच. पण ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना "थोडी" म्हणजे काय असतं ते विचारा.

शोधायची कुठे?

सीटीआरआय म्हणून सरकारी नोंदवही आहे, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, आयसीएमआर, म्हणजे केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या दिल्लीतल्या संस्थेकडे असते. जुलै २००७ ला सुरू झाली, २००९ पासून औषधांच्या ट्रायल्सना नोंदणी सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंदणी करावी लागते, मागाहून चालत नाही. वेबसाइट फुकट आहे, लॉगिन लागत नाही. सगळं इंग्रजीत आहे ही खरी अडचण. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोराला शेजारी बसवा.

सर्चमध्ये आजाराचं नाव इंग्रजीत टाका आणि दोन-तीन प्रकारे टाका, म्हणजे नुसतं डिप्रेशन, मग डिप्रेसिव्ह डिसऑर्डर, कारण नोंदवणारा कुठला शब्द वापरेल सांगता येत नाही. एखादी नोंद उघडली की सगळ्यात आधी रिक्रूटमेंट स्टेटस बघा, म्हणजे पेशंटची भरती चालू आहे का. "ओपन टू रिक्रूटमेंट" असेल तरच पुढे वाचायचं. मग साइट्स, म्हणजे कुठल्या शहरात कुठल्या हॉस्पिटलमध्ये, मग कोणाला घेणार आणि कोणाला नाही, मग एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटच्या हक्कांवर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीची मंजुरी. लोकांनी चौकशी कोणाकडे करायची त्यांचा फोन नंबर वेगळा दिलेला असतो, तो घ्या. ट्रायल नंबर पण लिहून घ्या, पुढे सगळीकडे तोच लागतो. स्टेटस वेळेवर अपडेट केलेलं नसतं बरेचदा, त्यामुळे फोन केल्याशिवाय प्रवास करू नका. आम्ही एकदा सकाळच्या एसटीने चार तास गेलो आणि भरती दोन महिन्यांपूर्वीच बंद झाली होती.

वेबसाइट बाजूला ठेवली तर सरळ मार्ग म्हणजे मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी. एमडी करणाऱ्या निवासी डॉक्टरांना प्रबंध करावाच लागतो, त्यामुळे तिथे काही ना काही अभ्यास चालू असतो. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आजारांवरची केंद्रीय संस्था, ते तर या कामातलं मोठं ठिकाण, पण पुण्या-नागपूरहून तिथे वारंवार फॉलोअपला जाणं जमणार आहे का याचा आधी हिशोब करा.

सीटीआरआयवर आहे म्हणजे सरकारने पास केलेली आहे ना?

नाही! हा गैरसमज फार आहे. नोंदणी म्हणजे फक्त "आम्ही अमुक करणार आहोत" असं जाहीर सांगणं. मंजुरी वेगळी. नवीन औषध असेल तर केंद्राच्या औषध नियंत्रकांची परवानगी लागते आणि ट्रायल कुठलीही असो, एथिक्स कमिटीची लागतेच. २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधांच्या ट्रायल्स बघणाऱ्या या कमिटीत कमीत कमी सात जण असतात, त्यात एक तरी बाई, एक कायद्याचा माणूस, एक साधा सामान्य नागरिक, आणि निम्मे सदस्य त्या हॉस्पिटलच्या बाहेरचे, अध्यक्ष पण बाहेरचाच. कमिटीच्या सचिवांचा नंबर माहितीपत्रकात असतो, काही खटकलं तर सरळ फोन करायचा. तो आपल्यासाठीच दिलेला असतो.

आमचा पेशंट बसेल का त्यात?

वय, निदान, आजार किती वर्षांचा, कुठल्या गोळ्या आधी झाल्या, दारू-गांजा, थायरॉइड, फिट्स, असं बरंच बघतात. नाही घेतलं तर त्यात अपमान वाटून घेऊ नका. बायकांना प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगतात आणि ट्रायलभर गर्भनिरोधक वापरावं लागेल असंही सांगतात. लग्न न झालेल्या मुलीच्या आईला हे ऐकून फार कसंतरी होतं, मी बघितलंय, पण काही औषधं गर्भाला खरंच धोक्याची असतात आणि नियम सगळ्यांना एकच असतो.

प्लासिबो मिळालं तर? म्हणजे नुसती साखरेची गोळी?

मिळू शकतं. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, फक्त चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो. डबल ब्लाइंड असेल तर तुम्हालाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसतं. मानसिक आजारांत हे जास्तच लागतं, कारण इथे रक्ताची टेस्ट करून सुधारणा मोजता येत नाही, माणसाला विचारूनच मोजायची असते, आणि नुसतं कोणीतरी नियमित बोलतंय, लक्ष देतंय याने पण बरं वाटतं. डिप्रेशनच्या ट्रायल्समध्ये प्लासिबोवरचे तिघांतला एक तरी बऱ्यापैकी सुधारलेला दिसतो.

पण प्लासिबो म्हणजे दरवेळी "काहीच उपचार नाहीत" असं नसतं. पुष्कळ ट्रायल्समध्ये चालू गोळ्या तशाच ठेवून वरून नवीन गोष्ट किंवा प्लासिबो देतात. दादाचं तसंच होतं. कानात आवाज येतात त्यावरची ट्रायल, डोक्यावर दोन ओल्या स्पंजचे पॅच लावून त्यातून अगदी हलका करंट सोडतात, दोन मिलीॲम्पिअर, वीस मिनिटं. खोट्या गटात काय करतात तर करंट अर्धा मिनिट सोडून बंद करतात, म्हणजे सुरुवातीचं चुणचुणणं तेवढं कळतं आणि कुठला गट ते ओळखू येत नाही. गोळ्या दोन्ही गटांना चालूच. ट्रायल संपल्यावर कळलं की दादा खोट्या गटात होता. आईला दोन दिवस जेवण गेलं नाही. नंतर त्यांनी ठरल्याप्रमाणे खरा करंट पण दिला, कारण तसं संमतीच्या फॉर्मवर आधीच लिहिलेलं होतं. तुमच्या फॉर्मवर आहे का बघा, सगळीकडे नसतं.

चालू गोळ्या बंद करा म्हणाले तर?

इथे थांबा. काही ट्रायल्समध्ये आधीचं औषध शरीरातून पूर्ण जाऊ देतात, त्याला वॉशआऊट म्हणतात, आणि ते औषधाप्रमाणे कमी-जास्त असतं, फ्लुओक्सेटिनसारखी गोळी अंगातून जायला साधारण पाच आठवडे लागतात. त्या काळात आजार उलटू शकतो. बायपोलरवाल्यांनी लिथियम अचानक सोडलं तर उलटायची भीती बरीच असते. म्हणून विचारा: किती आठवडे बिनगोळीचे, त्या काळात कोण फोन करणार, रात्री बिघडलं तर कुठे जायचं, आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवलंय का. यातल्या एकाचंही उत्तर "बघू तेव्हा" असं आलं तर मी तरी घरी परत येईन. आणि ट्रायलमध्ये घ्यावं म्हणून आपल्या मनाने घरीच गोळ्या बंद करून जाऊ नका. लोक करतात हो.

मानसिक आजार असलेल्या माणसाच्या सहीला अर्थ असतो का? सही घरच्यांनी करायची ना?

सही त्याचीच. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अगदी स्पष्ट आहे, संशोधनासाठी पेशंटची स्वतःची, समजून उमजून, मोकळेपणाने दिलेली संमती लागते, नुसती मुलाखत घ्यायची असली तरी. निदान आहे म्हणून माणसाला कळत नाही असं धरून चालायचं नसतं. दादाला आवाज येतात, पण त्याने कोऑर्डिनेटरला, म्हणजे ट्रायलची व्यवस्था बघणाऱ्या माणसाला जे प्रश्न विचारले ते आम्हा चौघांपैकी कोणाला सुचले नव्हते. करंटने आधीच्या आठवणी जातील का, हा त्यातला एक.

आजार इतका वर आलाय की खरंच समजत नाहीये, पण तो विरोधही करत नाहीये, अशा वेळी संशोधकांना राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी काढावी लागते, आणि मग नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे पेशंटने आधी नेमलेला जवळचा माणूस, त्याच्या संमतीने होऊ शकतं. ते पण कधी, तर हाच अभ्यास संमती देऊ शकणाऱ्या लोकांवर करता येत नसेल तेव्हाच. आणि पेशंट "नको" म्हणत असेल तर नको. घरच्यांनी समजूत घालून, चुचकारून, "एवढं कर रे आईसाठी" म्हणून सही घ्यायची नाही. मी हे केलंय, दुसऱ्या एका अभ्यासाच्या वेळी, आणि तो दोन भेटींनंतर माझ्याशी महिनाभर बोलला नव्हता.

मुलांच्या बाबतीत आई-बाबा सही करतात, पण साधारण सात वर्षांच्या पुढच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचाही होकार घ्यावा लागतो.

फॉर्म वीस-वीस पानांचा असतो, वाचायचा कसा?

घरी न्यायचा. आणि मराठीतला मागायचा, तुम्हाला कळेल अशा भाषेत द्यावाच लागतो. एका ठिकाणी आमच्या हातात इंग्रजी फॉर्म ठेवला आणि म्हणाले, फॉर्मॅलिटी आहे, शेवटच्या पानावर सही करा, मागे लाइन आहे. आम्ही उठून आलो. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार समोर लागतो, हॉस्पिटलचा शिपाई बोलावून चालत नाही. सही केल्यावर एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. फॉर्मवर शिक्षण, कामधंदा, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारलेलं बघून लोक घाबरतात, पण औषधांच्या ट्रायल्सच्या ठरलेल्या सरकारी नमुन्यातच ते आहे, नॉमिनी नुकसानभरपाईसाठी असतो.

नवीन रेणूच्या औषधाची ट्रायल असेल आणि पेशंट असुरक्षित गटातला धरला जात असेल तर संमती घेताना व्हिडिओ शूटिंग करतात. ते तुमच्याच बाजूचं असतं, पुढे कोणी "आम्ही सांगितलं होतं" म्हणालं तर पुरावा राहतो.

पैसे भरावे लागतात का? की मिळतात?

ट्रायलचं औषध, ट्रायलसाठीच्या तपासण्या यांचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. येण्या-जाण्याचा खर्च, बुडलेली रोजंदारी काही ठिकाणी देतात, आधी विचारून घ्या आणि फॉर्मवर लिहिलंय का बघा. कोणी रजिस्ट्रेशन फी मागितली, किंवा व्हॉट्सॲपवर "मानसिक आजारावर नवीन संशोधन, मर्यादित जागा" असं पाठवून आधारकार्ड मागितलं, तर ट्रायल नंबर विचारा. तिथेच विषय संपतो बहुतेक.

काही बरं-वाईट झालं तर?

औषधाच्या ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार मोफत, गरज असेल तोवर किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही असं सिद्ध होईपर्यंत. गंभीर घटना झाली, म्हणजे ॲडमिट करावं लागलं वगैरे, तर डॉक्टरांना ती २४ तासांत कळवावी लागते, औषध नियंत्रकांना, एथिक्स कमिटीला आणि ट्रायल काढणाऱ्या कंपनीला. ट्रायलमुळेच नुकसान झालं असेल तर भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे, ८ लाखांच्या मूळ रकमेवरून वय आणि धोका बघून हिशोब करतात. थेरपी, योग वगैरेंच्या अभ्यासांना हे औषधांचे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत, तिथे आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं असतात, त्यामुळे "काही झालं तर खर्च कोणाचा" हे आधी लेखी बघा.

ट्रायल चालू असताना काय बदलतंय ते घरच्यांनी वहीत लिहून ठेवा. झोप, भूक, अंग थरथरणं, एका जागी बसता न येणं, विचित्र बोलणं. पेशंट "बरंय" एवढंच सांगतो पुष्कळदा.

मधेच सोडता येतं का? डॉक्टर चिडले तर?

केव्हाही, कारण न देता, कायद्यानेच तो हक्क आहे. आणि सोडलं म्हणून हॉस्पिटलला तुमची नेहमीची ओपीडी, नेहमीच्या गोळ्या बंद करता येत नाहीत. फक्त सांगून सोडा, जायचंच बंद करू नका, कारण काही औषधं हळूहळू कमी करावी लागतात.

नाव बाहेर कळेल का? बहिणीचं लग्न व्हायचंय, नोकरी आहे...

कागदोपत्री कोड नंबर असतो, छापताना नाव येत नाही. एथिक्स कमिटी आणि सरकारी तपासनीस मूळ फाइल बघू शकतात, हे फॉर्मवर लिहिलेलं असतं. ऑफिसला कोणी कळवत नाही. फोन किंवा घरी भेट होणार असेल तर कुठल्या नंबरवर, किती वाजता, आणि शेजारी कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे कोऑर्डिनेटरशी आधी बोलून ठेवा, चांगले लोक ऐकतात.

लोक म्हणतात गरिबांना गिनीपिग करतात, खोटं आहे का?

भीती हवेतून आलेली नाही. आपल्या देशात लोकांना न सांगता, न समजावता ट्रायल्स झाल्याच्या तक्रारी होत्या, त्यावरून इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि २०१३ नंतर नियम कडक होत गेले. व्हिडिओ, भरपाईचं सूत्र, कमिट्यांची नोंदणी, हे कोणीतरी भांडल्यामुळे मिळालंय. म्हणून मी सांगते की जा, पण गप्प बसायला जाऊ नका, कारण आपली माणसं अभ्यासात आलीच नाहीत तर आपल्याकडच्या आजारावरचे उपचार कायम दुसऱ्यांच्या शरीरावरून आणि दुसऱ्यांच्या घरांवरून ठरत राहतील.

आम्ही परदेशात आहोत, तिथे कसं?

अमेरिकेत क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह, ब्रिटनमध्ये बी पार्ट ऑफ रिसर्च, या वेबसाइटवर शोधा. आई-बाबा तिकडे आले असतील आणि मराठीच बोलत असतील तर दुभाषी मिळेल का हे पहिल्याच फोनला विचारा.

सध्या खूपच वाईट चाललंय, जीव द्यायचे विचार येतायत, ट्रायलमध्ये घालू का?

आत्ता नाही. बऱ्याच ट्रायल्स अशा अवस्थेत घेतही नाहीत. १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं, आणि माणसाला एकटं न सोडता जवळच्या हॉस्पिटलला न्या.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

जुने केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावून. चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं, कारण नाव आठवत नाही आणि डोस तर अजिबात नाही. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, झोपेची गोळी, काही घेत असेल तर तेही, लाजू नका. ट्रायल नंबर, प्रश्नांची यादी आणि डबा, स्क्रीनिंगलाच, म्हणजे पेशंट ट्रायलमध्ये बसतो का ते तपासायलाच, तीन-चार तास जातात. प्रश्न पेशंटला विचारू द्या, तुमचे नंतर.